मतदान पार पडले. लोकशाहीच्या राखणीचे पुढे काय?

भवानीपेठ (धागाकर्ती)

यंदा, १५ जानेवारी २०२६ रोजी, ऐन सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, सोलापूर महापालिकेसाठी मतदान झाले. त्याआधीचे मतदान फेब्रुवारी २०१७ मध्ये झाले होते. ज्या मुलीने २०१७ च्या मार्चमध्ये वयाची १८ वर्षे पूर्ण केली, तिला आपल्या प्रभागाचे नगरसेवक निवडण्याची पहिली संधी सत्ताविसाव्या वर्षात मिळाली. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि तेव्हापासून जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला.

या काळात आम्ही मतदान केले नाही असे नाही. ७ मे २०२४ रोजी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी आम्ही रांगेत उभे राहिलो. परंतु उजनीसारखे ११७ टीएमसी साठवणक्षमतेचे धरण जिल्ह्यात असताना शहराच्या नळांना दिवसाआडही पाणी का येत नाही, हा प्रश्न ज्याला हक्काने विचारावा असा निवडून आलेला एकही माणूस महापालिकेत नव्हता. प्रस्ताव मांडणारे प्रशासन तेच आणि सर्वसाधारण सभा व स्थायी समिती यांच्या वतीने त्याला मंजुरी देणारेही तेच, अशी ती व्यवस्था होती.

प्रचाराच्या दिवसांत आमच्या भागात एक वाक्य वारंवार कानी पडत होते: ‘मत देऊन काय फरक पडतोय ओ?’ हे वाक्य आळसातून आलेले आहे असे मला वाटत नाही, कारण ते बोलणारी बहुतेक माणसे मतदानाच्या दिवशी केंद्रावर दिसतात. ती मत देतात आणि तरीही त्यांचा विश्वास उरलेला नाही, ही गोष्ट मला मतदानाच्या घटत्या टक्केवारीपेक्षा अधिक गंभीर वाटते.

दर निवडणुकीत आपल्याला सांगितले जाते की मतदान करा आणि लोकशाही वाचवा. मी मतदान करते आणि करीत राहीन. पण या आवाहनात सगळी जबाबदारी मतदारावर टाकून बाकीचे सारे मोकळे होतात, असे मला दिसते. निवडणूक वेळेवर घेणे माझ्या हातात नाही. यादीत नाव टिकून राहील याची खात्री मला कोणी देत नाही. निवडून दिलेला माणूस ज्या बाजूने निवडून आला त्याच बाजूला राहील, हेही माझ्या मताने ठरत नाही. अशा स्थितीत पाच वर्षांतल्या एका दिवसावर लोकशाहीच्या रक्षणाचा सगळा भार टाकता येतो का, यावर इथल्या जाणत्यांनी गंभीरपणे लिहावे अशी विनंती आहे. कोणत्याही एका पक्षाची बाजू घेण्यासाठी हा धागा नाही.

पुण्यातला_सोलापूरकर

ताई, विधानसभेला आणि यंदाही मी मतदान केलेले नाही, आणि त्याची कारणे मोकळेपणाने मांडतो.

माझे नाव सोलापूरच्या यादीत आहे आणि नोकरी पुण्यात आहे. लोकसभेचे मतदान मंगळवारी, विधानसभेचे बुधवारी आणि महापालिकेचे गुरुवारी होते. सुटी जाहीर होते हे खरे, पण आठवड्याच्या मध्यावर जाऊन-येऊन करायचे तर कंत्राटी नोकरी करणाऱ्याला एकाऐवजी दोन दिवस मोजावे लागतात. आमच्या पिढीतले सोलापूरचे हजारो तरुण याच अवस्थेत आहेत. तरीही हे कारण मी दुय्यम मानतो.

मुख्य कारण २०१९ चे आहे. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला मी मोठ्या उमेदीने मत दिले. २३ नोव्हेंबरच्या पहाटे एक शपथविधी झाला, ते सरकार काही दिवसांत गेले, दुसरे आले, जून २०२२ मध्ये एक पक्ष फुटला आणि जुलै २०२३ मध्ये दुसरा. पाच वर्षांत मी एकदाच मत दिले आणि त्याच विधानसभेतून तीन वेगवेगळे मुख्यमंत्री झाले. पक्षांतर रोखण्यासाठी १९८५ मध्ये दहावी अनुसूची घटनेत आली, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. विधानसभा अध्यक्षांनी २०२४ मध्ये निर्णय दिले तेव्हा दोन्ही पक्षांच्या कोणत्याही गटातील एकही आमदार अपात्र ठरला नाही. मग मी ज्या चिन्हासमोरचे बटण दाबले त्याला अर्थ काय राहिला? मत देताना मी एका माणसाला माझ्या वतीने बोलण्याचा अधिकार देतो. तो अधिकार त्याने दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवला तर तो परत मागण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे पाच वर्षे नसतो. हा मार्ग निर्माण होईपर्यंत मला मतदानाचे आवाहन करू नये, असे माझे म्हणणे आहे.

कुंभारीकर

दादा, तुमचा राग मला समजतो, पण तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही.

माझ्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या. हजार विड्यांमागे मजुरी ठरते, आणि पाने खराब निघाली किंवा कारखान्यात विड्या छाटल्या गेल्या तर तो तोटा वळणाऱ्या बाईचा. पूर्व भागात अशा घरांमध्ये वाढलेल्यांना ठाऊक आहे की या बायकांना वर्षभर कोणी काही विचारीत नाही. कारखानदार विचारीत नाही, सरकारी कचेरीतला लिपिक विचारीत नाही, पुष्कळदा घरातला नवराही विचारीत नाही. मतदानाच्या आधीचे पंधरा दिवस मात्र दारात माणसे येऊन हात जोडतात. आईने एकही मतदान चुकवले नाही. मत देऊन काही होत नाही असे म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे दुसरी दारे असतात. कोणाच्या ओळखीचा अधिकारी असतो, कोणाचा नातलग वकील असतो, कोणी पुण्याला निघून जाऊ शकतो. ज्याच्याकडे यातले काहीच नाही त्याच्याकडून मताचे महत्त्व काढून घेतले, तर त्याच्याकडे काय राहते, याचा विचार तुम्ही करावा.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते, कारण एकट्या मताने आमचे भागले असेही मी म्हणत नाही.

आम्ही राहतो ती सोलापूरजवळच्या कुंभारीतील गोदूताई परुळेकर वसाहत म्हणजे विडी कामगार स्त्रियांची १० हजार घरे आहेत. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे हस्तांतरण झाले. त्यानंतर त्याच कुंभारीत रे नगर हा ३० हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला, आणि त्यातली १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. या दोन्ही कामांसाठी झटलेले मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ मध्ये विधानसभेवर निवडून आले आणि इतर अनेक निवडणुकांत पडले. केंद्रात आणि राज्यात त्यांच्या पक्षाचे सरकार कधीच नव्हते. तरीही घरे झाली.

ती कशी झाली हे मी लहानपणापासून पाहिले आहे. सहकारी संस्था काढली, बायकांनी आपल्या वाट्याची रक्कम थोडी थोडी करून भरली, कागदपत्रे जमवली, मोर्चे काढले, मुंबईपर्यंत गेल्या, दिल्लीपर्यंत गेल्या, आणि सरकार बदलले की नव्या मंत्र्यापुढे सगळे पहिल्यापासून मांडले. आमचा माणूस निवडून आला तेव्हा काम थांबले नाही आणि तो पडला तेव्हाही थांबले नाही, कारण संघटना निवडणुकीच्या निकालावर अवलंबून नव्हती. त्याच वेळी हेही खरे आहे की या बायकांना मत नसते, तर त्यांच्या मोर्चासमोर कोणताही मंत्री खुर्ची सोडून उठला नसता. हजारो मते एका जागी आहेत हे त्याला दिसत होते, म्हणून तो ऐकत होता.

म्हणून माझे मत असे झाले आहे की मतदान आणि संघटना यांना वेगळे काढून ‘मतदान पुरेसे आहे का’ असे विचारले तर उत्तर नेहमी ‘नाही’ असेच येईल, आणि मग ते उत्तर ऐकून माणसे मतदानही सोडतील. दादा, तुम्ही मत दिले नाही म्हणून पक्ष फोडणाऱ्या एकाही आमदाराचे काही बिघडले नाही.

वकील_सातरस्ता

धागाकर्तींनी महापालिकेचा उल्लेख केला आहे, त्याची कायदेशीर बाजू थोडी सविस्तर मांडतो. कारण मतदाराचा हक्क कोणीही उघडपणे काढून न घेता कसा निसटतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

घटनेच्या अनुच्छेद २४३-यू नुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षे असते आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण व्हावी लागते. ‘शक्यतो’ असा शब्द तिथे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात हेच बजावले होते. आता महाराष्ट्रात काय झाले ते पाहा. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या स्थानिक आरक्षणासाठी तिहेरी कसोटी बंधनकारक केली. आयोग, सांख्यिकी माहिती आणि ५० टक्क्यांची मर्यादा यांची पूर्तता करण्यात वेळ गेला. प्रभाग किती सदस्यांचा असावा आणि प्रभागरचना कोणी करावी, यावर राज्याने कायदे बदलले आणि पुन्हा बदलले. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश झाला आणि प्रकरण तारखांवर पडून राहिले. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि त्यानंतरही मुदतवाढ घ्यावी लागली.

यातले प्रत्येक कारण एकेकटे घेतले तर समर्थनीय वाटते. आरक्षणाचा प्रश्न महत्त्वाचाच होता. पण सगळ्यांची बेरीज अशी झाली की महाराष्ट्रातील जवळजवळ सर्व महानगरांत लोकांना वर्षानुवर्षे प्रतिनिधी नव्हते, आणि त्याबद्दल एकाही व्यक्तीला वा पक्षाला मतपेटीतून जाब विचारता आला नाही. कारण जाब विचारण्याची जागा असलेली निवडणूकच होत नव्हती. सत्तेवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळे पक्ष होते, त्यामुळे हा दोष कोणा एकाच्या माथी मारता येत नाही.

आणीबाणीचा दाखला या चर्चेत कोणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहितो. १९७७ मध्ये मतदाराने सरकार घालवले आणि लोकशाही परत आणली, हे अगदी खरे आहे. परंतु त्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती आणि संसदेने ती कायद्याने वाढवली होती. १९७६ मध्ये मतदार तेवढाच जागरूक होता. त्याच्याकडे मतदानाचा दिवस नव्हता. मत हे प्रभावी साधन आहे, पण ते वापरण्याची वेळ जो ठरवतो त्याच्यावर अंकुश ठेवण्याचे काम मत करू शकत नाही. ते काम न्यायालय, निवडणूक आयोग, वृत्तपत्रे आणि रस्त्यावर उतरलेले नागरिक यांनाच करावे लागते. महापालिकांच्या बाबतीत या सगळ्यांनी ते पुरेशा जोराने केले नाही. आपण सोलापूरकरांनीही या चार वर्षांत ‘आमची निवडणूक घ्या’ अशी मागणी घेऊन मोठे आंदोलन केल्याचे मला आठवत नाही. पाण्यासाठी घागर मोर्चे निघाले, निवडणुकीसाठी निघाले नाहीत.

भवानीपेठ (धागाकर्ती)

वकील साहेब, शेवटचे वाक्य मनाला लागले. पाण्याचा प्रश्न आणि प्रतिनिधी नसण्याचा प्रश्न एकच आहे, हे आम्हाला जोडून दाखवणारे कोणी नव्हते. कुंभारीकर ताईंनी लिहिलेली संघटना मध्यमवर्गीय पेठांमध्ये आज नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

माळशिरसकर

आमच्या तालुक्यातील मारकडवाडीचा विषय या चर्चेत यायलाच हवा.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माळशिरसमधून उत्तमराव जानकर निवडून आले. मारकडवाडीत मात्र त्यांना ८४३ आणि विरोधी उमेदवार राम सातपुते यांना १००३ मते दाखवली गेली. गावातील अनेकांना हा आकडा पटला नाही, म्हणून त्यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वखर्चाने मतपत्रिका छापून गावापुरते चाचणी मतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, मोठा पोलीस बंदोबस्त आला, ते मतदान झाले नाही आणि गुन्हेही नोंदवले गेले. पुढे राष्ट्रीय नेते गावात येऊन गेले.

मी इथे यंत्रात दोष होता की नव्हता हे सांगण्यासाठी लिहीत नाही. जिंकलेल्या बाजूची माणसे ही शंका घेत होती, म्हणजे हरल्याचे दुःख हे कारण नव्हते, एवढे लक्षात घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात ठरवून दिले आहे की दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येते, आणि तीही खर्च भरून. जिंकलेल्या उमेदवाराला ती सोय नाही आणि मतदाराला तर नाहीच. मग ज्या गावकऱ्यांना शंका आली त्यांनी कुठे जायचे होते? त्यांनी दगड उचलला नाही, कागद छापले. शांततेने मोजून पाहू म्हणणाऱ्याला जमावबंदीने उत्तर मिळाले, तर त्याचा मतदानावरचा विश्वास वाढेल की कमी होईल?

निवृत्त_मुख्याध्यापक

अनेक निवडणुकांत मी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे, म्हणून माळशिरसकरांना उत्तर देणे कर्तव्य समजतो.

मतदानाच्या दिवशी सकाळी प्रत्यक्ष मतदान सुरू होण्यापूर्वी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेऊन, मोजून, नोंद करून यंत्र पुन्हा शून्यावर आणावे लागते. मतदान संपल्यावर यंत्रात एकूण किती मते नोंदली गेली याचा हिशेब नमुना १७ सी मध्ये भरून त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची असते. मतमोजणीच्या दिवशी तो आकडा आणि यंत्रातला आकडा ताडून पाहता येतो. शिवाय २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट (मताची छापील नोंद देणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजल्या जातात. माझा अनुभव असा की सकाळी सातला सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी उत्साहाने येतात आणि संध्याकाळी मोहोरबंदीच्या वेळी त्यातले मोजके उरतात. लहान पक्षांचे आणि अपक्षांचे प्रतिनिधी अनेकदा प्रत न घेताच निघून जातात. जो कागद हातात असायला हवा तो घ्यायला माणूस थांबत नाही, आणि नंतर सगळ्या प्रक्रियेवर अविश्वास व्यक्त होतो, याचे मला वाईट वाटते.

मारकडवाडीच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट खटकते आणि ती यंत्रापेक्षा मोठी आहे. ‘आमच्या गावात अमक्याला एवढी मते पडूच शकत नाहीत’ असे गाव म्हणते, तेव्हा कोणी कोणाला मत दिले हे गावाला ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते. गुप्त मतदान याचसाठी आहे की ते गावाला, भावकीला, सावकाराला आणि नवऱ्याला ठाऊक असू नये. गावच्या पुढाऱ्यांच्या देखरेखीखाली पुन्हा घेतलेल्या मतदानात एखाद्या शेतमजूर स्त्रीने आपले खरे मत तितक्याच निर्भयपणे दिले असते का? मला शंका आहे. म्हणून ते मतदान झाले असते तरी त्यातून सत्य बाहेर आले असते असे मी मानत नाही. मात्र ते रोखण्यासाठी जमावबंदी आणि गुन्हे हा मार्ग प्रशासनाने घ्यायला नको होता. अधिकाऱ्यांनी गावात बसून, कागद समोर ठेवून प्रत्येक शंकेचे उत्तर द्यायला हवे होते. नागरिकाने हिशेब मागणे हा गुन्हा ठरवला की पुढच्या वेळी तो हिशेब मागत नाही, आणि मग मतदानालाही येत नाही.

मूळ प्रश्नाबद्दल एक आठवण करून देतो. मे १९३० मध्ये सोलापूरने इंग्रजी सत्तेला आव्हान दिले, मार्शल लॉ सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्याला फासावर गेले. त्या वेळी रस्त्यावर उतरलेल्या गिरणी कामगारांपैकी फारच थोड्यांना मताचा अधिकार होता, कारण तो मालमत्ता आणि कर यांच्याशी बांधलेला होता. मत नसलेल्या माणसांनी आपल्याला मत मिळवून दिले. त्यामुळे लोकशाहीचे रक्षण मतपेटीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते, असे निदान या शहराने तरी मानण्याचे कारण नाही.

माळशिरसकर

गुरुजी, गुप्त मतदानाचा मुद्दा मी मान्य करतो. पण तपासण्याची दारे उघडी आहेत असे आपण म्हणता, तेव्हा ती हळूहळू लहान होत आहेत हेही पाहावे. २० डिसेंबर २०२४ रोजी निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ मध्ये दुरुस्ती झाली आणि सीसीटीव्ही चित्रणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी सर्वसामान्य नागरिकाला पाहता येणार नाहीत अशी तजवीज झाली. मतदाराच्या गुप्ततेचे कारण त्यासाठी पुढे करण्यात आले. मी प्रत्येक नोंद चव्हाट्यावर आणा असे म्हणत नाही. परंतु विश्वास ठेवा असे सांगणाऱ्याने तपासण्याची सोय वाढवायला हवी, ती कमी करायला नको.

वकील_सातरस्ता

एक दुरुस्ती. मतदाराला काहीच मार्ग नाही असे नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार त्या मतदारसंघातील कोणताही मतदार निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करू शकतो. मारकडवाडीच्या शेतकऱ्याला तो खर्च आणि ते हेलपाटे परवडतील का, हा प्रश्न राहतोच, आणि त्या अर्थाने माळशिरसकरांचे म्हणणे खोटे नाही.

पुण्यातला_सोलापूरकर

कुंभारीकर ताई, आपले लिखाण दोनदा वाचले. ओळखीचा अधिकारी माझ्याकडे नाही. पण निघून जाण्याची सोय होती, हे खरे आहे.

तरीही माझा प्रश्न कायम आहे. आपल्याकडे संघटना होती. माझ्यासारख्या विखुरलेल्या मतदाराची संघटना कोणती? ‘नोटा’चे बटण २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिळाले. २०१९ मध्ये शेजारच्या लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटाला २७ हजारांहून अधिक मते पडून ते दुसऱ्या क्रमांकावर आले, आणि निकालावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. नापसंती नोंदवली जाते आणि तिथेच संपते. मग लोक घरी बसले तर त्यांना दोष का द्यावा?

वकील_सातरस्ता

स्थानिक निवडणुकांत नोटाचे स्थान थोडे वेगळे आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, त्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थेच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते पडली तर तिथे फेरनिवडणूक घ्यावी लागते. विधानसभेला हे लागू नाही. पण यातही एक मोठी फट आहे. उमेदवार बिनविरोध आला की मतदानच होत नाही आणि नोटाचे बटण दाबण्याची वेळच येत नाही. यंदा राज्यातल्या काही महापालिकांत अनेक जण असेच बिनविरोध आले. गावपातळीवर तर सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड होऊन २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका आयोगाला रद्द कराव्या लागल्या होत्या. बिनविरोध निवडीला आपण गावाचा समजूतदारपणा म्हणून गौरवतो. प्रत्येक वेळी तो समजूतदारपणा असतोच असे नाही, कधी कधी तिथे मतदाराला वगळलेले असते.

विखुरलेल्या मतदाराच्या संघटनेविषयी मात्र एक प्रत्यक्ष सूचना करतो. गावाला ग्रामसभा आहे, वर्षातून किमान चार वेळा ती भरवावी लागते, आणि तिथे सामान्य माणूस उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. शहरासाठी अशी सोय नाही असा समज आहे. प्रत्यक्षात २००९ मध्ये महाराष्ट्रातील महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. आपल्या भागातील नोंदणीकृत मतदार हे त्या सभेचे सदस्य आणि नगरसेवक हा तिचा अध्यक्ष, अशी रचना आहे. आपल्या भागात कोणती कामे आधी व्हावीत, हे सुचवण्याचा अधिकार त्या सभेला आहे. ही तरतूद बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. सोलापुरात आता बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक आहेत, त्यामुळे ही सभा कोणी बोलवायची हाच पहिला वाद होईल. पण वाद व्हायला हरकत नाही. चौघांनाही पत्र देता येते. चार वर्षांनंतर प्रथमच पत्र देण्यासाठी चार माणसे आहेत.

भवानीपेठ (धागाकर्ती)

क्षेत्रसभेबद्दल मी आज प्रथमच वाचले, आणि मी आयुष्यभर याच शहरात मतदार आहे. ही माहिती मतदार जागृतीच्या एकाही फलकावर मी पाहिलेली नाही. फलकावर शाई लावलेले बोट असते आणि मतदान करा एवढे लिहिलेले असते. मतदानानंतर मतदाराने काय करायचे, हे सांगण्याची जबाबदारी कोणीच घेतलेली नाही, आणि माझ्या भागातल्या माणसांच्या उद्विग्नतेचे मूळ मला इथे दिसते. त्यांना बोलावले जाते, रांगेत उभे केले जाते आणि मग पाच वर्षे घरी पाठवले जाते.

माहितीच्या अधिकारात काय मागावे, हे वकील साहेबांनी सांगावे. पहिला अर्ज मी करीन.

वकील_सातरस्ता

आपल्या प्रभागात क्षेत्रसभांच्या सीमा ठरवल्या आहेत का, ठरवल्या असतील तर त्याच्या आदेशाची प्रत, आणि आजपर्यंत झालेल्या सभांची इतिवृत्ते, एवढेच मागा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा, त्यामुळे पाण्याचा प्रश्न याच अर्जात घालू नका. त्यासाठी वेगळा अर्ज करा. शुल्क १० रुपये आहे आणि ३० दिवसांत उत्तर यायला हवे. न आल्यास त्याच कार्यालयात पहिले अपील करता येते, त्याचा मसुदा मी इथे देईन.

पुण्यातला_सोलापूरकर

मसुदा संगणकावर नीट करून देण्याचे काम माझ्याकडे द्या. प्रभागनिहाय अर्ज करायचे असतील तर सगळ्या २६ प्रभागांचे करून ठेवतो. प्रत्येक प्रभागातून अर्ज देणारा एक मतदार तेवढा शोधावा लागेल.

कुंभारीकर

पूर्व भागातल्या प्रभागांसाठी माणसे मी शोधते. तिथल्या बायकांना तेलुगूतून समजावून सांगावे लागेल, आणि अर्जावर सही करण्याआधी त्या एक प्रश्न नक्की विचारतील की या सभेत पाण्याचे बोलता येते का आणि बोललेले लिहून घेतात का. वकील साहेब, इतिवृत्तात आपले म्हणणे नोंदवून घेण्याचा हक्क मतदाराला आहे का, तेवढे कलम पाहून सांगा.

वकील_सातरस्ता

कायद्याचे पुस्तक कार्यालयात आहे. उद्या दुपारपर्यंत शब्दशः मजकूर इथे टंकून देतो.